पोकळ बुडाची गोळी आणि घरचा साचा

अमेरिकेतल्या रिव्हॉल्व्हर-नेमबाजांमध्ये एक तक्रार जुनी आहे. होलो-बेस वॅडकटर ही लक्ष्यभेदासाठी नावाजलेली गोळी, पण ती घरी ओतायची म्हटलं तर साचा सहजी मिळत नाही. मिळालाच तर जुना, कोणीतरी वापरून विकायला काढलेला. ही गोळी दंडगोल आणि सपाट तोंडाची असते. कागदी लक्ष्यावर ती पंचिंग यंत्राने पाडावं तसं स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. तिचं बूड पोकळ असतं. दारू पेटली की वायूच्या दाबाने बुडाची पातळ कड बाहेर फुगते आणि नळीतल्या पेचदार खाचांना घट्ट धरते. .३८ स्पेशल काडतुसात ती साधारण १४८ ग्रेनची, म्हणजे साडेनऊ ग्रॅमच्या आसपास असते. साचे बनवणाऱ्यांनी हौशी लोकांकडे पाठ फिरवली, असा या तक्रारीचा सूर असतो. मला ते पटत नाही. या गोळीचा इतिहास पाहिला तर ती घरातली कधी नव्हतीच. ती लष्करी शस्त्रागारांत घडली आणि घरच्या चुलीपाशी आली ती पाहुणी म्हणून.

घरचा साचा खऱ्या अर्थाने होता तो गोल गोळीचा. अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या लांब नळीच्या रायफली एकेका कारागिराने घडवलेल्या असत. दोन नळ्यांचा व्यास तंतोतंत सारखा असण्याची खात्री नसे, म्हणून बंदुकीबरोबर तिचा साचाही मिळे. एका पौंड शिशात किती गोळ्या बसतात यावरून नळीचं माप सांगण्याची रीत होती. आपल्याकडचं ‘बारा बोअर’ हे त्याच हिशेबाचं नाव आहे. १८०३ मध्ये निघालेल्या लुईस आणि क्लार्कच्या मोहिमेने तर दारू चक्क शिशाच्या ५२ डब्यांत भरून नेली होती. डबा रिकामा झाला की तो वितळवायचा आणि आतल्या दारूला पुरतील एवढ्या गोळ्या त्यातूनच ओतायच्या. डब्याचं शिसं आणि आतली दारू यांचं प्रमाण त्या हिशेबानेच ठरवलेलं होतं. हे सगळं शक्य झालं, कारण गोल गोळीच्या साच्याला दोनच पाळी लागतात. गोळी किंचित लहान निघाली तरी तेलकट चिंधीत गुंडाळून भागत असे.

पोकळ बुडाची कुळकथा निराळी आहे. तिची सुरुवात भारतात झाली असं सांगतात. ब्रिटिश सैन्यातला कॅप्टन जॉन नॉर्टन १८२०च्या दशकात दक्षिण भारतात होता. तिथल्या फुंकनळीच्या बाणांचं बूड कमळाच्या भेंडाचं असतं आणि फुंकर बसताच ते फुगून नळी बंद करतं, हे पाहून त्याला पोकळ बुडाची गोळी सुचली, अशी ही आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो नसो, त्याची गोळी सरकारने नाकारली. १८३५ मध्ये विल्यम ग्रीनरने बुडात धातूची खुंटी बसवलेली गोळी दाखवली. ती चाचणीत चालली, तरीही नाकारली गेली. आक्षेप असा होता, की ही गोळी एकसंध नाही, दोन तुकड्यांची आहे. प्रश्न नेमाचा नव्हता, ओतकामाचा होता, हे इथेच दिसतं. पुढे १८४९ मध्ये फ्रान्सच्या क्लोद-एतियेन मिनिएने बुडात लोखंडी वाटी बसवलेली गोळी दिली. ब्रिटनने १८५१ मध्ये ती स्वीकारली आणि त्याला २० हजार पौंड दिले. ग्रीनरच्या वाट्याला १८५७ मध्ये हजार पौंड आले. सरकारी न्यायाचं हे प्रमाण सगळ्याच देशांना ओळखीचं वाटेल.

लोखंडी वाटीची कटकट मिटवली ती अमेरिकेतल्या हार्पर्स फेरी शस्त्रागारातल्या जेम्स बर्टनने. पोकळी नीट आखली तर वाटीची गरजच उरत नाही, हे त्याने दाखवलं आणि १८५५ मध्ये अमेरिकी सैन्याने ती गोळी घेतली. त्याच वर्षी बर्टन इंग्लंडमधल्या एन्फील्डच्या कारखान्यात मुख्य अभियंता म्हणून रुजू झाला. पण वाटी गेली तसा सगळा भार पोकळीच्या अचूकपणावर आला. कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झाली तर गोळी नळीतून बाहेर पडतानाच कलते. असा अचूकपणा हजारो गोळ्यांत राखायचा तर यंत्रच हवं. म्हणून ब्रिटिश सैन्याच्या गोळ्या इंग्लंडमधल्या वूलिचमध्ये शिशाच्या दांड्यांतून यंत्राने दाबून काढल्या जाऊ लागल्या. १८५७ च्या जानेवारीत दमदमला ज्या काडतुसांवरून उठावाची ठिणगी पडली, त्यांत अशीच फुगणारी गोळी होती. काडतूस तयारच हाती येई. त्याला कोणतं वंगण लावलं आहे हे पडताळण्याचं कोणतंही साधन शिपायाकडे नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, की अमेरिकी यादवी युद्धातले मिनिए गोळीचे हातसाचे आजही संग्राहकांकडे आहेत. आहेत, खरं आहे. पण त्या युद्धातला सैनिक लढला तो मुख्यतः शस्त्रागारातून आलेल्या कागदी काडतुसांवर. हातसाचा अडीअडचणीची सोय होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या आयडियल कंपनीने घरच्या ओतकामाचा मोठा व्यवसाय उभा केला. १९२५ मध्ये तो लायमन कंपनीकडे गेला आणि लायमनच्या यादीत पोकळ बुडाच्या वॅडकटरचाही साचा होता. मग ही गोळी घरातली नव्हती असं कसं म्हणायचं? उत्तर साच्यातच आहे. दोन पाळ्यांखेरीज पोकळी घडवायला त्याला एक सुटी कांडी लागते. प्रत्येक ओतीला ती आत घालायची आणि शिसं थिजल्यावर ओढून काढायची. कांडी थंड असली तर गोळीला सुरकुत्या पडतात. किंचित सरकली तर कड वाकडी होते. एका वेळी गोळी बहुधा एकच निघते. तेवढ्या वेळात सपाट बुडाचा चार किंवा सहा खणांचा साचा परातभर गोळ्या देतो. कारखाना तर मऊ शिसं थंडच दाबून हव्या तितक्या पोकळ बुडाच्या गोळ्या काढतो, आणि त्या एकमेकींना तंतोतंत मिळत्या असतात.

कांड्या एका पट्टीवर बसवून साच्यालाच जोडण्याची क्रेमर पद्धत आली आणि हे काम बरंच सुकर झालं. स्लोव्हेनियातल्या एका छोट्या कार्यशाळेने असे अनेक खणांचे साचे करून दाखवले आहेत. त्यातही एक मेख आहे. असा साचा महाग पडतो, आणि मऊ शिशाची ही गोळी संथ वेगावरच चालते. वेग वाढवला तर पातळ कड फाटू शकते. म्हणजे सगळा खटाटोप एकाच कामासाठी करायचा, आणि ते काम कारखान्याची गोळी आधीच उत्तम करते आहे. या परिस्थितीत ग्राहक कमी असणं आणि साचे मोजके निघणं साहजिक आहे. त्यात कोणाची उपेक्षा शोधण्याची गरज नाही. जिथे कायदा मुभा देतो तिथे घरी ओतणाऱ्याने सपाट बुडाचा वॅडकटर निवडावा आणि पोकळ बूड हवंच असेल तर कारखान्याची गोळी विकत घ्यावी. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे आपल्याकडे ही निवड करण्याची वेळच येत नाही.