नाखुदा : एका आडनावाची कुळकथा

कोकणातील मुसलमानांत ‘नाखुदा’ हे आडनाव क्वचित ऐकू येते. प्रथम ते कानी पडले तेव्हा आम्ही फसलो. ‘ना’ म्हणजे नाही, ‘खुदा’ म्हणजे देव; मग देव न मानणारे हे कसले मुसलमान घराणे, असे आम्हांस वाटले! पण हा विग्रहच चुकीचा. फारसीत ‘नाव’ म्हणजे जहाज, आणि ‘खुदा’ म्हणजे मूळ अर्थाने धनी. नाखुदा म्हणजे जहाजाचा धनी. संस्कृत ‘नौ’ आणि हे फारसी ‘नाव’ या सख्ख्या बहिणी होत.

या शब्दाची जुनी साक्ष वेरावळच्या इ. स. १२६४ च्या संस्कृत शिलालेखात आहे. होर्मुझचा नाखुदा नूरुद्दीन फिरोज याने सोमनाथ येथे मशीद बांधविली, त्याचा हा लेख. गझनीच्या महमूदाने सोमनाथ लुटले ते इ. स. १०२६ मध्ये. त्याच गावी छाडा नावाच्या स्थानिक प्रमुखाने नूरुद्दीनास जमीन मिळवून देण्यास साह्य केले. लेखाच्या आरंभी विश्वनाथास नमन आहे, आणि हिजरीबरोबर विक्रम, वलभी व सिंह हे संवतही दिले आहेत.

हाच शब्द आपल्या कोळीवाड्यांत ‘नाखवा’ झाला. होडीवरच्या हिंदू कोळ्यास तो परका वाटत नाही. तेव्हा श्रोतेहो, आडनावावरून माणसास परका ठरविण्यापूर्वी त्या आडनावाचा अर्थ तरी विचारावा, एवढेच आमचे मागणे आहे.