पुसलेल्या फितीवरचा होम्स

आमच्या घरी डिटेक्टिव्ह कथांचे वेड वडिलांनी आणले. त्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ज्ञानेश्वरी, गाथा आणि दासबोध असे, आणि खालच्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड. मधल्या फळीवर मात्र भालबा केळकरांनी मराठीत आणलेला शेरलॉक होम्स. "खालचं वाचायला हरकत नाही, पण मधलं समजून वाच," असे ते सांगत. त्यामुळे बेकर स्ट्रीटवरचा हा गृहस्थ मला प्रथम मराठी बोलतच भेटला. तो इंग्रज आहे हे पुढे कळले, आणि खरे सांगायचे तर थोडे वाईटच वाटले.

त्याच होम्सची एक जुनी दूरदर्शन मालिका काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आली. माझा भाचा इंग्लंडात नोकरीला आहे. सुट्टीवर येताना त्याने डीव्हीडीचा एक संच आणला. बीबीसीने १९६४-६५ साली केलेली ही मालिका ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने मार्च २०१५ मध्ये घरगुती प्रेक्षकांसाठी प्रसिद्ध केली. मी ती पाहिली ती कथेच्या ओढीने. पण पाहता पाहता कथेइतकीच त्या चित्रफितींची स्वतःची कहाणी मला धरून बसली. त्या कहाणीत चोरी आहे, शोध आहे आणि थोडाफार तपासही लागला आहे. शिवाय त्यात एक गुन्हेगार असा आहे की ज्याला मी फार जवळून ओळखतो. त्याच्याविषयी शेवटी सांगेन.

*

१८ मे १९६४ रोजी बीबीसीने 'डिटेक्टिव्ह' नावाच्या मालेत 'द स्पेकल्ड बँड' ही होम्सकथा दाखवली. होम्स झाले होते डग्लस विल्मर आणि वॉटसन झाले होते नायजेल स्टॉक. लोकांना जोडी आवडली, आणि १९६५ च्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत आणखी बारा कथा दाखवण्यात आल्या. विल्मर यांचा होम्स गोडबोल्या नाही. तो तुटक आहे, थंड आहे, क्वचित उर्मट आहे. मूळ कथांतला होम्स तसाच आहे. पण विल्मर स्वतः समाधानी नव्हते. संहिता उशिरा येत, तालमींना वेळ पुरत नसे. पुढच्या हंगामात तो वेळ आणखी कमी होणार असे कळल्यावर त्यांनी भूमिका नाकारली.

मग १९६८ साली होम्स झाले पीटर कुशिंग. वॉटसन मात्र पूर्वीचेच, नायजेल स्टॉक. या वेळी सोळा भाग झाले, तेही रंगीत. 'बास्करव्हिल्सचा शिकारी कुत्रा' दोन भागांत होता, आणि त्यासाठी मंडळी थेट डार्टमूरच्या माळावर जाऊन चित्रण करून आली. गंमत अशी, की हे भाग ज्या बीबीसी-१ वर दाखवले गेले त्या वाहिनीवर रंग आले ते १९६९ च्या नोव्हेंबरात. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी हा रंगीत होम्स कृष्णधवलच पाहिला. रंग होते ते पुढच्या काळासाठी. आणि पुढच्या काळाच्या हाती त्या सोळांतले फक्त सहा भाग डीव्हीडीवर आले. बाकीचे दहा भाग पुसले गेले.

'पुसले गेले' हा शब्द मी अगदी अक्षरशः वापरतो आहे. आग लागली नाही, पूर आला नाही, चोर शिरला नाही. ज्यांनी ते केले त्यांनीच ते पुसले.

*

असे कसे झाले, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर समजण्यासाठी त्या काळाच्या स्टुडिओत थोडे डोकावावे लागते.

त्या वेळची व्हिडिओ फीत दोन इंच रुंद असे आणि फार महाग असे. तिचा मोठा गुण म्हणजे ती पुन्हा वापरता येत असे. शाळेतल्या पाटीसारखे, लिहा, पुसा, पुन्हा लिहा. पाटीवरची गणिते कोणी जपून ठेवतो का? दूरचित्रवाणीकडे तेव्हा लोक नाटकासारखे पाहत. प्रयोग झाला, पडदा पडला, संपले. त्यातून नटांच्या आणि वादकांच्या संघटनांशी असे करार असत की कार्यक्रम मनाला येईल तितक्या वेळा पुन्हा दाखवता येत नसे. दाखवता येत नाही तर ठेवायचा कशाला? मग रंगीत प्रक्षेपण आले, आणि कृष्णधवल कार्यक्रम विकत घेणारेही उरले नाहीत. हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या जागी बसून पाहिले तर प्रत्येक वेळी त्याचे उत्तर बरोबरच येते. एकेक बेरीज बरोबर आणि एकूण ताळेबंद मात्र दिवाळखोरीचा, अशातला हा प्रकार.

मग जे उरले ते कसे उरले? परदेशच्या विक्रीमुळे. देशोदेशीच्या दूरदर्शन केंद्रांची यंत्रे एकसारखी नव्हती, पण सिनेमाची फिल्म मात्र सगळीकडे चाले. म्हणून बीबीसीत कार्यक्रमाची फिल्मवर प्रत काढत. रीत साधी होती. खास पडद्यावर कार्यक्रम लावायचा आणि त्याच्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून तो टिपायचा. आपण एखाद्या फोटोवरून फोटो काढतो तसेच. मूळच्या मानाने प्रत थोडी धूसर येई आणि हालचालीतला मूळचा सळसळीतपणा कमी होई. पण मूळ फीत पुसली गेल्यावर ही सावत्र प्रतच वारस ठरली. विल्मर यांच्या तेरांपैकी अकरा भाग पूर्ण सापडले ते अशा प्रतींच्या रूपात. 'द ॲबी ग्रेंज' आणि 'द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स' हे दोन भाग अपुरे राहिले.

या फिल्मच्या प्रतींवरही संकट होतेच. विक्रीचा हक्क संपला की त्याही निकालात काढत. १९७८ साली बीबीसीने जुने कार्यक्रम काय म्हणून आणि कसे जपायचे याचा नीट विचार सुरू केला, संग्रहासाठी निवड करणारी अधिकारी नेमली, आणि हा सपाटा थांबला. तोवर जे गेले ते गेले. मात्र परदेशी गेलेल्या काही प्रती तिथेच धूळ खात पडून राहिल्या. २०१३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचे नऊ हरवलेले भाग परत मिळाल्याचे जाहीर झाले. ते नायजेरियातल्या जोस शहराच्या दूरदर्शन केंद्रात पडलेले होते. घरच्यांनी टाकून दिलेले पाहुण्याच्या घरी सापडावे, असे हे झाले.

*

आता दुरुस्तीविषयी. जुनी मालिका घरगुती प्रेक्षकांसाठी काढायची म्हणजे डबीतून काढून डीव्हीडीत भरायची, असे मला वाटे. प्रत्यक्षात आधी फिल्म हाताने तपासावी लागते. फाटलेले जोड पुन्हा जोडायचे, आवळलेली किंवा वाकलेली फीत सरळ करायची, धूळ आणि बुरशी द्रवाने धुवायची. मग एकेक चौकट संगणकात घ्यायची. तिथे ओरखडे आणि पांढरे ठिपके काढतात, हलणारे चित्र स्थिर करतात, उजेड-अंधार सारखा करतात, आवाजातली घरघर कमी करतात.

यात खरी परीक्षा यंत्राची नसते, माणसाच्या विवेकाची असते. कारण यंत्र सांगाल तितके पुसते. पावसाच्या दृश्यातली सर ओरखडा समजून काढून टाकते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दोष समजून गुळगुळीत करते. कुठे थांबायचे हे कळणे म्हणजे दुरुस्ती. आपल्याकडे शिलालेख वाचणारे जाणकार काय करतात पाहा. झिजलेल्या जागी अक्षर कोणते असेल याचा तर्क ते करतात, पण तो कंसात देतात. दगडावर जे आहे ते वेगळे आणि आम्ही सुचवतो ते वेगळे, हे वाचणाऱ्याला उघड कळले पाहिजे. आमच्या भागात हलशीच्या कदंबांची परंपरा आहे. तेव्हा हा नियम कोणाला नवा वाटू नये.

या संचात नेमके तेच केले आहे, म्हणून मला त्याचे कौतुक. 'द ॲबी ग्रेंज'चा पहिला अर्धा भाग नाही. तिथे नव्या नटांना घेऊन देखावा उभा केला नाही, की भाग मुकाट वगळला नाही. पंचाण्णवाव्या वर्षाला टेकलेल्या डग्लस विल्मरनाच कॅमेऱ्यासमोर बसवले, आणि त्यांनी गहाळ भागाची कथा वाचून दाखवली. मग जिथे फिल्म सुरू होते तिथे पंचेचाळिशीतला, ताठ मानेचा तोच माणूस पडद्यावर येतो. मधली पन्नास वर्षे कुणी लपवलेली नाहीत. गेले ते गेले असे सांगून, उरले त्याच्याशी प्रामाणिकपणे सांधलेले आहे. संच निघाल्यानंतर वर्षभराने, ३१ मार्च २०१६ रोजी, विल्मर वारले. थोडा उशीर झाला असता तर तो कंस रिकामाच राहता.

त्याच संचात आणखी एक लहानशी चीज आहे. 'द स्पेकल्ड बँड' हा भाग स्पॅनिश आवाजातही ऐकता येतो. परदेशी विक्रीसाठी होम्सला स्पॅनिश बोलायला लावले होते, तो हा ध्वनिपट. इंग्रज घरात तो कोणाला लागणार? पण त्यांनी ठेवला. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला अशा गोष्टीची किंमत निराळी सांगावी लागत नाही.

*

आता तो गुन्हेगार.

१९८९ साली आमच्या वडिलांची साठीशांत झाली. व्हिडिओवाल्याने चित्रण केले आणि एक कॅसेट आम्हाला दिली. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' सुरू झाली. रजित कपूरच्या त्या शांत, धोतरातल्या सत्यान्वेषीने मला वेड लावले. एका रात्री भाग सुरू व्हायला पाच मिनिटे उरली आणि कोरी कॅसेट घरात नाही. कोरी कॅसेट तेव्हा स्वस्त नव्हती, आणि दुकान बंद. मी कपाटातली कॅसेट काढली. चुकून पुसली जाऊ नये म्हणून तिच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला होता. त्या भोकावर मी सेलोटेप चिकटवली. सुरुवातीला नुसते पाहुणे येताना दिसतात, तेवढे गेले तर काय बिघडले, असा माझा हिशेब. मग पुढच्या आठवड्यात पुढचा भाग. मग त्याच्या पुढचा.

वडिलांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "ब्योमकेशालाच विचार, सापडतं का बघ." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. २००१ साली ते गेले. आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'ब्योमकेश बक्षी' पुन्हा दाखवली. ज्याच्यासाठी मी पुसले ते मुळात जपलेले होतेच. पुसले गेले ते दुसरे, ज्याची मूळ प्रत जगात कुठेच नव्हती. बीबीसीच्या त्या हिशेबनिसाला मी दोष कसा देऊ?

पण होम्सच्या त्या संचाने मला एक सुचवले होते. परदेशी गेलेल्या प्रती शोधाव्या. आमची आत्या वडोदऱ्याला दिलेली. भावाच्या साठीला तिला येता आले नव्हते, म्हणून वडिलांनी व्हिडिओवाल्याकडून एक प्रत काढून तिला पाठवली होती, असे आईला आठवत होते. आत्या गेल्यावर घर आवरताना आत्येभावाला ती सापडली, आणि त्याने कुरिअरने पाठवली. फितीवर पांढरी बुरशी. एका ओळखीच्या माणसाने ती उघडून, हाताने पुसून, दुसऱ्या डबीत चढवून संगणकावर घेऊन दिली. तासाभराच्या चित्रणातली पस्तीस मिनिटे निघाली. रंग विटलेले, चित्र मध्येच उडते, होमाचा भाग पार गेला.

शेवटी पंगत बसली आहे. वडील कद नेसून दाराशी उभे आहेत. आमच्या आत्याबाई, काकामंडळी यांना मराठीत "सावकाश होऊ द्या" म्हणतात, आणि मग मान वळवून गल्लीतल्या शेजाऱ्यांना हाक देतात, "एल्लारू ऊटा माडकोंड होगरि!" सगळ्यांनी जेवूनच जायचे. मग चित्र उडते.

भाचा म्हणाला, "मामा, त्या उडालेल्या जागी त्यांचा फोटो घालून देऊ का?" मी नको म्हटले. त्याऐवजी आईला समोर बसवले आणि होमाच्या वेळी काय झाले ते सांगायला लावले. ती नव्वदीला आली आहे. मोबाईलवर ते टिपून आम्ही पस्तीस मिनिटांच्या आधी जोडले, आणि खाली लिहिले : हा भाग गहाळ आहे, तो आईने सांगितला.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादी जुनी कॅसेट निघाली तर टाकण्यापूर्वी एकदा लावून बघा. आणि लेबलावर काहीही लिहिलेले असो, आत काय आहे ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.