उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रयोगशाळेचे दार

कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुले गावी जातात, लग्नकार्यांत राबतात, आंबे खातात. त्यात वावगे काही नाही. पण १९२८ च्या उन्हाळ्यात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातला सतरा वर्षांचा एक विद्यार्थी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत गेला. त्याचे नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर.

महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली देणग्या गोळा करून उभारलेली ती संस्था. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन संशोधन करीत. नुकताच, २८ फेब्रुवारीला, तेथे ‘रामन परिणाम’ हाती लागला होता. अशा भारलेल्या जागी पोरगा वावरला. ताऱ्यांच्या पोटात प्रकाशकिरण कसे विखुरतात यावर त्याने लेख लिहिला आणि तो त्याच वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये छापून आला.

पुढे त्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ सोमरफेल्ड मद्रासला आले. त्यांचा ग्रंथ या मुलाने आपल्या आपण वाचला होता. तो सरळ त्यांच्या हॉटेलवर गेला! सोमरफेल्ड म्हणाले, त्या पुस्तकानंतर पदार्थविज्ञान पार बदलले आहे. आणि आपल्या नव्या लेखाची मुद्रिते त्याच्या हाती ठेवली. त्यांवरून केलेला चंद्रशेखरांचा लेख १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. संशोधकांत उन्हाळा काढला नसता, तर ही छाती झाली असती का? मला शंका वाटते. १९८३ चे नोबेल आपणांस ठाऊक आहेच.

मात्र एक गोष्ट चरित्रे वाचताना नजरेतून निसटते. रामन हे त्यांचे सख्खे काका! बुद्धी अस्सल होती खरी, पण दार नात्याने उघडले. जतच्या किंवा जव्हारच्या मुलाने असा काका कोठून आणावा?

रामन यांनीच १९३४ साली बंगलोरला स्थापन केलेली इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन अकादमींच्या जोडीने गेली कित्येक वर्षे उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देत आली आहे. दोन महिने नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, शिवाय विद्यावेतन. पुण्याच्या ‘आयुका’नेही विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतले उपक्रम चालविले आहेत. अर्ज मात्र बहुधा आदल्या हिवाळ्यातच मागवितात; परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्याची गाडी चुकलेली असते.

अर्जासोबत शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. दोन ओळींचे ‘वर्तन चांगले’ तेथे पुरत नाही. मुलगा कोणते प्रश्न विचारतो ते लिहा. आणि प्राध्यापक मंडळी, ॲकॅडमीच्या त्या शिष्यवृत्तीसाठी शिक्षकांनाही अर्ज करता येतो.