गोधडीचा तह

मी 32 वर्षे शाळेत इतिहास शिकवला. वेढे, लढाया आणि तह ही माझी रोजची भाजीभाकरी. पण आमच्याच घरात युद्ध पेटले, तेव्हा माझी अवस्था परीक्षेत सनावळी विसरलेल्या पोरासारखी झाली.

जुलैतल्या एका संध्याकाळी सौ. भाजी आणायला गेली आणि पिशवीतून मेथीची जुडी व मांजराचे पिल्लू घेऊन आली. गटाराच्या कडेला ओरडत होते म्हणे. मेथी भिजली होती, पिल्लू तिच्याहून भिजले होते.

"अहो, पाऊस थांबेपर्यंत राहू दे," ती म्हणाली. पुण्याच्या पावसाच्या भरवशावर दिलेली मुदत कधी संपते, हे सांगायला इतिहासाचा मास्तर नको.

घरात मनी आधीपासून होती. वय वर्षे 11. ती आईची मांजर. आई जाऊन दोन वर्षे झाली, पण तिच्या गोधडीवर मनी रोज दुपारी झोपते, म्हणून ती गोधडी आम्ही धुतलेली नाही. मनीने पिल्लाकडे पाहिले, पाठीची कमान केली, एकदाच 'फिस्स' म्हणाली आणि कपाटावर जाऊन बसली. रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी सवयीने इतिहासात दिलासा शोधू लागलो. 1940 साली चर्चिलसाहेब पंतप्रधान झाले आणि नेल्सन नावाचा आपला बोका घेऊन डाउनिंग स्ट्रीटवर गेले. तिथे चेंबरलेनच्या काळातले मांजर होतेच. नेल्सनने त्याला पळवून लावले. पुढे 2011 साली त्याच घरात आश्रयगृहातून लॅरी नावाचा बोका आला, आणि 2016 साली समोरच्या परराष्ट्र खात्याने तिथूनच पामर्स्टन आणला. दोघांच्या मारामाऱ्या वर्तमानपत्रांत छापून आल्या. ज्या खात्याने निम्म्या जगाचे तह लिहिले, त्याला दोन बोक्यांचा तह जमला नाही!

आपल्या बाजूचा पुरावाही असाच. सिंधू संस्कृतीतल्या चन्हुदडोला 1935-36 च्या उत्खननात एक वीट सापडली. ती ओली असताना तिच्यावरून मांजर धावले, मागोमाग कुत्रे. दोघांची पावले चार हजार वर्षे टिकली. त्याच दिवशी शेजारच्या अंगणात दोन मांजरे निवांत झोपलीही असतील. पण झोपेचा ठसा विटेवर उठत नाही.

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

"मास्तर, तिला उपाशी ठेवू नका," ते म्हणाले. "दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर यकृतावर चरबी चढते. जिवावर बेतेल."

मग त्यांनी मला मांजर शिकवले. कुत्रा टोळीतला, मांजर एकट्याने शिकार करणारे. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले, ते 2004 साली जाहीर झाले, एवढे मलाही ठाऊक होते. माणसाने धान्य साठवले, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आपल्या पायांनी आले. त्याला कोणी जिंकून आणले नाही. आपल्या मुलखाची हद्द ते गाल घासून, वासाने आखते. तेव्हा मनीच्या लेखी पिल्लू हा पाहुणा नव्हता, परक्या वासाचे आक्रमण होते.

"पिल्लू वेगळ्या खोलीत, दार बंद," डॉक्टर म्हणाले. "दोघांची ताटली दाराच्या अल्याड-पल्याड. रोज थोडी जवळ सरकवा. आणि आधी वासाची ओळख करून द्या. मनी ज्यावर झोपते, ते पिल्लाखाली घाला."

म्हणजे गोधडी.

"दुसरं काही चालेल का?" मी विचारले. सौ. माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा माझ्या ध्यानात आले, कपाटावर मनी एकटी बसलेली नव्हती.

1665 साली पुरंदरच्या तहात महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 राखले. मोठे राखायचे तर काही सोडावे लागते, हे मी 32 वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्या रात्री गोधडीचा एक कोपरा कापायला मात्र मला अर्धा तास लागला. कात्री शेवटी सौ.नेच चालवली.

त्याच रात्री शेजारच्या मालवणच्या वहिनींनी बिनमिठाचा उकडलेला बांगडा पाठवला. आमच्या शाकाहारी घरात मासा प्रथमच कोमट झाला. वास कपाटापर्यंत पोचला, आणि मनी खाली उतरली. चार घास खाल्ले. आम्ही दोघांनी मग पिठलंभात खाल्ला, दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर.

पुढचे तीन आठवडे ताटल्या वीत-वीत सरकल्या. दाराखालून एक चिमुकला पंजा बाहेर यायचा, मनी त्याच्यावर टपली मारायची. नखे बाहेर न काढता. मग दार बोटभर उघडले. मग हातभर.

एका दुपारी मी झोपेतून उठलो, तर कोपरा तुटलेल्या गोधडीवर मनी एका टोकाला आणि पिल्लू दुसऱ्या टोकाला. मध्ये वीतभर अंतर. कोण आधी आले, कोणी कोणाला जागा दिली, कोणी पाहिले नाही. मी तारीख टिपायला पेन शोधू लागलो.

"गप्प बसा हो," सौ. दारातून कुजबुजली. "उठतील ती."

तारीख लिहायची राहूनच गेली.