बाई, बेगम आणि मिस्ट्रेस

शब्दांची प्रतिष्ठा स्थलकालानुसार बदलते, हे स्त्रीवाचक शब्दांत विशेष स्पष्टपणे दिसते. इंग्रजीतील 'मिस्ट्रेस' एके काळी घरधनीण होती. 'मिस' आणि 'मिसेस' ही आदराची रूपे तिच्यापासूनच निघाली; मूळ शब्दाच्या वाट्याला मात्र रखेलीचा अर्थ आला. 'कोर्टिझन' हीदेखील मुळात दरबारातील स्त्रीच होय.

परंतु ह्यास केवळ अर्थभ्रंश म्हणून भागत नाही. अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाकडे जातो, हे पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने लखनौचा इतिहास उद्बोधक आहे. नबाबी लखनौत 'तवायफ' म्हणजे गायन, नृत्य व काव्य ह्यांत निपुण आणि अदब जाणणारी स्त्री. १८५६ मध्ये अवध खालसा झाले. वीणा तलवार ओल्डनबर्ग ह्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, १८५८ ते १८७७ ह्या काळातील शहराच्या करवह्यांत ह्या स्त्रिया 'नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली' म्हणून सर्वाधिक कर देणाऱ्यांत आढळतात. त्याच सुमारास १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा ह्यांनी गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी वेश्यांची नोंदणी व तपासणी सुरू केली. सरकारी दप्तरात तवायफ आणि वेश्या ह्यांतील भेद पुसट होत गेला.

आपल्या 'बाई'चेही असेच आहे. मराठीत जिजाबाई, अहिल्याबाई आणि केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ह्या सर्वांना हे एकच उपपद शोभले; त्यावरून कूळ वा व्यवसाय कळत नसे. लखनौकडे मात्र घरंदाज स्त्री ती 'बेगम' आणि मैफलीत गाणारी ती 'बाई'. अख्तरीबाई फैजाबादी ह्यांनी १९४५ मध्ये बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी ह्यांच्याशी विवाह केला आणि त्यांचे गाणे थांबले. १९४९ मध्ये लखनौ आकाशवाणीवरून त्या पुन्हा गाऊ लागल्या. पुढे रसिकांनी त्यांना 'बेगम अख्तर' म्हणूनच ओळखले. गळा तोच राहिला, उपपद बदलले.

भाषांतरकाराची कसोटी येथेच लागते. मिर्झा रुसवा ह्यांच्या 'उमराव जान अदा' (१८९९) सारख्या कादंबरीत 'तवायफ'साठी 'वेश्या' लिहिणारा नकळत छावणीच्या नोंदवहीचीच नक्कल करतो. 'कलावंतीण' लिहिणारा गोमंतकातील एक निराळाच समाज लखनौच्या चौकात नेऊन बसवतो. म्हणून 'तवायफ' हा शब्द तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ कृतीतूनच उलगडू द्यावा, हे मला अधिक न्याय्य वाटते. ज्या स्त्रियांचे नाव एकदा दप्तराने ठरविले, त्यांचे नाव दुसऱ्यांदा कोशाने ठरवू नये.