तमाशाच्या फडावर ‘शिव मोठा की शक्ती?’ : कलगी-तुऱ्याचा मूळ वाद नेमका काय होता?

‘दोन नेत्यांमध्ये कलगीतुरा रंगला’ ही ओळ आपण बातम्यांत नेहमी वाचतो. हा शब्द आला शाहिरांच्या फडातून. आणि तिथला मूळ वाद चक्क तत्त्वज्ञानाचा होता.

कलगी कोण, तुरा कोण?

कलगी आणि तुरा ही पागोट्यावर लावायची भूषणं. शाहिरांचे दोन पक्ष याच नावांनी ओळखले जात. कलगीवाले शक्तीला, म्हणजेच माया किंवा प्रकृतीला श्रेष्ठ मानत. तुरेवाले शिवाला, म्हणजेच ब्रह्म किंवा पुरुषाला.

सामना कसा व्हायचा?

एक शाहीर डफ-तुणतुण्याच्या साथीवर गाण्यातून कूट प्रश्न टाकायचा. समोरच्याने त्याचं उत्तर गाण्यातूनच द्यायचं. हेच सवाल-जवाब. अशा गूढ अर्थाच्या रचनांना ‘भेदिक’ म्हणतात.

वादाचा गाभा साधारण असा: ब्रह्म निर्गुण, निराकार आहे, मग त्याने जग घडवलं कसं? कलगीवाला म्हणणार, शक्तीशिवाय शिव काहीच करू शकत नाही. तुरेवाला विचारणार, मग ती शक्ती आली कुठून? सांख्य आणि वेदान्त यांचे हे जुने प्रश्न. ज्यांच्यापर्यंत संस्कृत ग्रंथ कधी पोहोचलेच नाहीत, अशा लोकांनी ते फडासमोर बसून ऐकले.

नेवाशाचं उत्तर

आजच्या अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या नेवाशात संत ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. ‘अमृतानुभव’ही परंपरेनुसार इथलाच. त्याचं पहिलंच प्रकरण शिव आणि शक्ती यांच्यावर आहे. तिथे दोघांत थोरला-धाकटा असा भेदच नाही. डोळे दोन असले तरी नजर एकच, तसं हे नातं.

ग्रंथात प्रश्न असा मिटतो. फडावर मात्र तो मिटवून चालत नाही. दोन्ही बाजू तितक्याच ताकदीने मांडल्या गेल्या, तरच सामना रंगतो. निकाल मनातल्या मनात लावायचं काम प्रेक्षकावर येतं.

मग तमाशा ‘हलका’ का ठरला?

याच जिल्ह्यातल्या संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९). लावणी, पोवाडे आणि फटके यांसाठी ते प्रसिद्ध. आख्यायिका अशी की, अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केल्यावर त्यांनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली. अहिल्याबाईंचा जन्मही याच जिल्ह्यातल्या चौंडीचा.

गोष्ट खरी असो वा नसो, त्यामागची समजूत स्पष्ट दिसते: कीर्तन म्हणजे ज्ञान, तमाशा म्हणजे नुसती करमणूक. त्यात जातीचाही भाग होता. तमाशा जिवंत ठेवला तो बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी. त्यांनी मांडलेल्या विचाराला ‘तत्त्वज्ञान’ म्हणायला प्रतिष्ठित समाज सहज तयार नव्हता.

संगमनेर तालुक्यातल्याच हिवरगावच्या पवळाबाई तमाशातल्या पहिल्या स्त्री कलावंत म्हणून ओळखल्या जातात. पठ्ठे बापूरावांसोबतची त्यांची जोडी गाजली. तोवर फडावर स्त्रीभूमिका बहुधा ‘नाच्या पोऱ्या’ करायचा. म्हणजे ‘शक्ती श्रेष्ठ’ असं गाणारे शाहीर होते, पण खुद्द बाईला फडावर जागा नव्हती. पवळाबाई उभ्या राहिल्या आणि ती मिळाली.

आज काय उरलंय?

‘सवाल माझा ऐका!’ (१९६४) सारख्या चित्रपटांमुळे सवाल-जवाब घराघरांत माहीत झाले. कोकणात ‘शक्ती-तुरा’ आजही रंगतो, मुंबईतले चाकरमानी तो गर्दी करून बघतात. तिथे शक्तीवाले आणि तुरेवाले अजूनही समोरासमोर उभे राहतात. प्रश्न तोच, शिव मोठा की शक्ती?