निकाहनामा आणि परवाना

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसच्या भिंतीजवळून आपण कितीदा तरी जातो. आत काय छापले जाते याचे नाशिककरांना आता फारसे कुतूहल उरलेले नाही. १९२५ पासून देशाची टपाल तिकिटे येथे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून छापून येत. पुढे पासपोर्टच्या पुस्तिका आणि परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर चिकटवायचे व्हिसाचे कागदही येथेच तयार होऊ लागले. आज देशातल्या कोणत्याही गावच्या माणसाने पासपोर्ट काढला, तरी त्याची कोरी पुस्तिका आमच्या नाशिकची असते.

आणि याच नाशकात, कोकणीपुऱ्यात किंवा तिकडे मालेगावात, एखादी नवी नवरी हीच पुस्तिका कपाटात जपून ठेवून महिनोन्महिने बसलेली असते. नवरा दुबईला, कुवेतला किंवा लंडनला. निकाह झालेला आहे, मेहर ठरलेला आहे, पण रुखसत बाकी आहे. रुखसतीची तारीख आता घरातली वडील माणसे ठरवत नाहीत. ती परक्या देशाच्या व्हिसा कचेरीत ठरते.

आपल्याला वाटते, ही आखाती नोकऱ्यांच्या काळातली नवी अडचण आहे. तसे नाही. आमच्या आया-बहिणी हा उंबरठा गेली शंभराहून अधिक वर्षे झिजवीत आहेत. हा इतिहास आपल्याकडे कोणी सलग सांगितलेला नाही. जो पुरुष परदेशी गेला त्याची गोष्ट आपण सांगतो. जी मागे राहिली तिची सांगत नाही.

पासपोर्ट सक्तीचा होण्याआधीची गोष्ट आहे. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा १९२० साली आला. त्यापूर्वी सामान्य माणूस आगबोटीचे तिकीट काढून निघत असे. परंतु दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारांनी त्याआधीच हिंदी माणसांसाठी परवान्यांचे जाळे विणले होते. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले पुष्कळ कोकणी मुसलमान तेव्हा केपटाऊनला पोहोचले होते. गुजरातेतले मेमण आणि सुरती बोहरे नाताळ-ट्रान्सवालमध्ये व्यापार करीत होते. पुरुष आधी जात, बस्तान बसवीत, मग गावी येऊन निकाह करीत आणि बायकोला बोलावून घेत. बायकोला सोबत आणण्याचा हक्क कायद्याने होता. प्रश्न एवढाच, की बायको म्हणजे कोण, हे कोणी ठरवायचे?

१९१३ साली केप प्रांतातल्या हसन इसप नावाच्या मुसलमानाने हिंदुस्थानात निकाह केलेली आपली पत्नी बाई मरियम हिला तिकडे नेले. अधिकाऱ्यांनी तिला प्रवेश नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले. १४ मार्च १९१३ रोजी न्या. सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेला विवाह या देशाच्या कायद्याला मान्य नाही, सबब मरियम ही कायद्याने पत्नी नव्हे. प्रत्यक्षात नवऱ्याला दुसरी बायको आहे की नाही, याला महत्त्व उरले नाही. तशी शक्यता असणे एवढेच पुरे झाले.

या निकालाचा अर्थ लोकांच्या लगेच ध्यानात आला. हिंदू कायद्यातही तेव्हा एकपत्नीत्वाचे बंधन नव्हते. म्हणजे आफ्रिकेतल्या जवळजवळ प्रत्येक हिंदी स्त्रीचे पत्नीपण एका दिवसात कागदावरून पुसले गेले. तिची मुले कायद्याच्या नजरेत अनौरस ठरणार होती. गांधीजींच्या १९१३ च्या सत्याग्रहात तीन पौंडांच्या कराइतकाच हा प्रश्न पेटला आणि त्यामुळेच बायका प्रथम तुरुंगात गेल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये कस्तुरबांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली, हे आपण शाळेत वाचतो. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत दरबानच्या बाई फातमा महताब आपली आई हनिफाबाई आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन व्होक्सरस्टला निघाल्या आणि त्यांनी अटक करवून घेतली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ठाण्यावर फातमाबाईंकडे बोटांचे ठसे मागितले गेले. त्यांनी ते साफ नाकारले. मायलेकींना तीन महिन्यांची शिक्षा झाली. ही हकीकत खुद्द गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या इतिहासात लिहून ठेवली आहे. मुसलमान बाई घराबाहेर पडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आणि तिने पडू नये असे म्हणणाऱ्यांनीही ती वाचावी.

१९१४ च्या हिंदी लोकांना सवलत देणाऱ्या कायद्याने वाट काढली; एक पत्नी आणि तिची अज्ञान मुले यांना प्रवेश मिळाला. बाई मरियमची हार अशी अर्धी भरून निघाली. परंतु ती वाटही टिकली नाही. वर्णद्वेषी राजवटीने १९५३ साली कायदा करून हिंदुस्थानातून नव्या बायका आणण्यावर बंदी घातली. मुस्लिम विवाहांना आणि घटस्फोटांना कायद्यात स्थान न देणे घटनाबाह्य आहे, असे दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने सांगितले ते २८ जून २०२२ रोजी. मरियमच्या निकालानंतर एकशे नऊ वर्षांनी!

हे झाले समुद्रापलीकडचे. आमच्या घरांना याहून खोल जखम झाली ती समुद्र न ओलांडता. फाळणीनंतर सुरुवातीला लोक येत-जात होते. कोणी कराचीला नोकरीसाठी गेला, कोणी भावाला भेटायला. बायका-मुले मागे, घर मांडले की बोलावून घेऊ, असा हिशेब. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला. ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांमध्ये पासपोर्ट आणि व्हिसा आला. भारत-पाकिस्तान प्रवासापुरता वेगळा पासपोर्टही त्या काळी मिळत असे. पहिल्यांदाच असे झाले, की नाशिकच्या बाईला कराचीतल्या आपल्या नवऱ्याकडे जायला ‘परदेशी’ जावे लागले.

घटनेच्या सातव्या कलमाने १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेल्याला नागरिकत्व नाकारले. कायम वास्तव्याचा परवाना घेऊन परतलेल्यांचा तेवढा अपवाद केला. यात बायकांचे काय झाले? बिहारचा कुमार अमर सिंग खटला त्याची साक्ष देतो. त्यातल्या राणी सईदा खातून यांचे पती भारतातच होते. त्या १९४८ साली कराचीला गेल्या आणि तात्पुरत्या परवान्यावर परतल्या. पतीचे घर ते पत्नीचे घर, हा एरवीचा नियम त्यांच्या कामी आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ साली सांगितले, की त्या स्थलांतरित झाल्या, म्हणून त्या नागरिक नव्हेत.

हे दोन खटले शेजारी ठेवून वाचले म्हणजे आम्हांला एक गोष्ट दिसते. मरियमला सांगितले गेले, तुझा नवरा येथला असला तरी तू त्याची बायको नाहीस. सईदा खातूनला सांगितले गेले, तू त्याची बायको असलीस तरी येथली नाहीस. राज्ये वेगळी, कायदे वेगळे. उंबरठ्याबाहेर राहिली ती बाईच.

पुढची वर्षेही अशीच गेली. खोखरापारची रेल्वे १९६५ च्या युद्धात बंद पडली, ती थार एक्सप्रेसच्या रूपाने २००६ साली सुरू झाली आणि २०१९ साली पुन्हा थांबली. कराचीतले भारताचे कार्यालय १९९४ साली बंद झाले, तेव्हा कराचीच्या सुनेला माहेरी यायचे तर व्हिसासाठी इस्लामाबादची वाट धरावी लागू लागली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या भीषण हत्याकांडानंतर व्हिसा रद्द झाले आणि अटारीचा रस्ता बंद झाला. भारतीयांशी लग्न करून येथे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्यांना त्यातून वगळले, हे खरे. तरीही सीमेवर असे प्रसंग घडले, की आईच्या हातात भारतीय पासपोर्ट, मुलांच्या हातात पाकिस्तानी. मुलांना जाता येते, आईला अडवले जाते. अतिरेक्यांच्या गोळीने ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांचे दुःख पहिले, यात शंका नाही. पण त्या गोळीशी काडीचाही संबंध नसलेल्या या आयाही त्याच दिवसांच्या इतिहासात नोंदल्या गेल्या पाहिजेत.

केवळ आपल्याच वाट्याला हे येते, असाही समज नको. ब्रिटनमध्ये १९७९ साली लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची विमानतळावर कौमार्य चाचणी केली गेली आणि त्यावर मोठा गहजब झाला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करण्याचा तिथला नियम १९९७ सालापर्यंत होता. आज तिथे हेतूऐवजी पगार पाहतात: जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड असावे लागते. गरिबाच्या लग्नाला तेवढी किंमत कमी.

आता आपल्या घरात थोडे पाहू. परक्या सरकारांना दोष देणे सोपे आहे आणि तो त्यांचा आहेही. पण मरियमच्या निकालात न्यायाधीशाने जे बोट ठेवले, ते आपल्या दुखऱ्या जागेवरच ठेवले होते. बहुपत्नीत्वाची मुभा सोडायची नाही आणि त्या मुभेची किंमत मात्र एकट्या बाईने मोजायची, हे किती काळ चालणार? आणखी एक साधी बाब. आपल्याकडे निकाहनामा लिहिला जातो, त्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि मग तो कोठे जातो? पुष्कळदा काझीच्या दप्तरात, नाहीतर नवऱ्याच्या घरी. नवरीच्या हाती प्रत नसते. नावात एक अक्षर पासपोर्टवर वेगळे, निकाहनाम्यावर वेगळे. जन्मतारीख अंदाजाने घातलेली. त्या वेळी कोणाला काही वाटत नाही. व्हिसाचा अर्ज भरताना त्या एका अक्षरापायी सारा अर्ज अडतो, आणि घरातले लोक बाईलाच म्हणतात, तुझे कागद नीट नाहीत.

महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश राज्यांना दिले. निकाह आणि नोंदणी यांत कोणताही विरोध नाही. निकाहाने बाई पत्नी होते; नोंदणीने ती पत्नी आहे हे जगाला नाकारता येत नाही. ज्या दिवशी मंडपात निकाह होतो, त्याच आठवड्यात नोंदणी व्हावी, आणि निकाहनाम्याची एक प्रत नवरीच्या स्वतःच्या हाती पडावी, एवढी तरी रीत आपल्या जमातींनी, मशिदींच्या विश्वस्तांनी, शिकलेल्या मुलांनी पाडावी. मेहर देताना आपण जशी साक्ष ठेवतो, तशीच ही.

नाशिकच्या छापखान्यातून पुस्तिका कोरी निघते. तीत नाव, जन्मतारीख, गाव पुढे भरले जाते. शिक्के त्याहून पुढे बसतात. परदेशी कचेरीत कोणता शिक्का बसेल, यावर आपला ताबा नाही. त्याआधीचे कागद मात्र आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच माणसांच्या हातून लिहिले जातात. निदान तेवढे तरी आपण बाईच्या बाजूने लिहू या.